टोपलं उतरवण्याचा दिवस

वकील कुपवाड्यांनी माझी नोटीस मोठ्यानं वाचून दाखवली. दफेदार मोहित्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, फळ्यावरून काढली, तिची घडी केली आणि सुरमईला खायला घातली. घोडीनं दोन-चारदा चावून ती गिळली. रिंगणातले दहा-बारा स्वार पोट धरधरून हसले. मी कचेरीच्या पायरीवर उभी होते, आणि त्या हसणाऱ्यांत माझी मुलगी होती.

नोटीस साधी होती. पहिल्या तारखेपासून शाळेच्या मैदानावर घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येकानं हेल्मेट घालायचं, मग तो शिकाऊ असो की मुरलेला. खाली सही, वासंती इनामदार, सेक्रेटरी.

"मी दुसरी प्रत लावते," मी म्हणाले.

"लावा की," दफेदार म्हणाले. "घोडीला कागद मानवतोय."

या गोष्टीला तेवीस वर्षं झाली. मिरजेच्या बाहेर, ओढ्यापलीकडे, माझ्या सासऱ्यांनी घोडेस्वारीची शाळा काढली होती. नऊ घोडी, पत्र्याचा तबेला, तांबड्या मातीचं रिंगण आणि एका खोलीची कचेरी. सासरे गेले आणि शाळा माझ्या गळ्यात पडली, कारण नवरा बंगळूरला नोकरीला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मला स्वतःला घोड्यावर धड बसता येत नाही. याची आठवण दफेदार मला वर्षातून चार वेळा तरी चारचौघांत करून देत.

शाळा खरी त्यांचीच होती. घोडदळातून दफेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस एकाहत्तराव्या वर्षीही बांबूसारखा ताठ होता. तिथे शिकलेला प्रत्येक जण त्यांच्या हातचा, आणि प्रत्येक जण त्यांना देव मानणारा. मी म्हणजे देवळाची पावती फाडणारी बाई.

आता हेल्मेटचं सांगते. शाळेत हेल्मेटं होती, पण ती फक्त कच्च्या स्वारांसाठी. त्यांना सगळे 'टोपलं' म्हणत. दोन-अडीच वर्षं घाम गाळून ज्याला रिकिबीत पाय न अडकवता, हाताची घडी घालून, दौडत्या घोड्यावर तीन फेऱ्या मारता येतील, त्याचं टोपलं दसऱ्याला उतरायचं. स्वार घोड्यावरूनच डोकं खाली वाकवी. दफेदार हनुवटीखालचा पट्टा सोडत, खणखणीत आवाजात आधी स्वाराचं आणि मग घोड्याचं नाव घेत, टोपलं उतरवत आणि कपाळाला गुलाल लावत. मग पेढे. याला सगळे 'उतरणी' म्हणत. त्या दिवसानंतर जो टोपलं घालील तो भित्रा. म्हणजे आमच्या शाळेत डोकं सांभाळणं ही लाज होती, आणि ती लाज आम्हीच दरवर्षी पेढे वाटून वाढवत होतो.

त्या वर्षी उतरणीला एकच नाव होतं. केतकी, माझी मुलगी. तिला नुकतंच अठरावं पुरं झालं होतं.

नोटीस घोडीच्या पोटात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तबेल्यात गेले. दफेदार सुरमईला खरारा करत होते. मी चांगल्या शब्दांत सुरुवात केली. म्हटलं, दफेदार, शिर सलामत तर पगडी पचास, हे काही मी शोधून काढलेलं नाही.

"सलामत शिर घिऊन तुमी कचेरीत बसलायसाच की," ते म्हणाले. "आमी काय बोलतो का तुमाला?"

"पोरांना तुम्ही स्वतः हेल्मेट घालता. मग मोठ्यांना का नाही?"

"पोरांना त्येंच्या आईबापांनी माज्या हवाली केलेलं असतंय. म्हणून घालतो. शिकून तयार झालेल्या मानसाचं डोस्कं त्येचं सोताचं. तितं ना माजी सत्ता चालायची, ना तुमची."

"आणि तुमचं डोकं?"

खरारा थांबला. मी कशाबद्दल बोलते आहे ते त्यांना कळलं होतं. त्यांनी दाराकडे पाहून घेतलं, आसपास कोणी नव्हतं.

"शब्द दिलाय तुमी," ते हळू आवाजात म्हणाले.

शब्द मी दिला होता, श्रावणात. सकाळचे सात वाजले होते, रात्रभर पाऊस पडून गेलेला, रिंगणात मी आणि ते दोघंच. सुरमईचा पाय घसरला आणि दफेदार कुंपणाच्या लाकडावर डोक्यानं आदळले. मी धावत गेले तोवर ते उठून कपडे झटकत होते. रक्त नव्हतं, खोक नव्हती. त्यांनी घोडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ही कुनाची घोडी?"

सुरमई जन्मली तेव्हा तिची नाळ याच माणसानं कापली होती.

मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, हा मार एकट्या आजचा नाही, आयुष्यभर पडत आले आहेत हे. आता विसर वाढत जाणार, आधी नावं जातील, मग माणसं. घोड्यावर पुन्हा बसायचं नाही. परत येताना रिक्षात दफेदारांनी माझ्या सासऱ्यांची शपथ घालून माझ्याकडून वचन घेतलं की हे तिसऱ्या कानाला कळू द्यायचं नाही. म्हणाले, "वर बसलो की समदं जाग्यावर येतंय. खाली उतरलो की जातंय. मला खाली उतरवू नगा, वहिनीसाहेब."

मी वचन दिलं, आणि नुसत्या दयेपोटी दिलं नाही. दफेदार गेले तर शाळेला टाळं लागणार, हे मला दिसत होतं. ज्याला घोड्यावर बसायची मनाई झाली तो माणूस रोज माझ्या डोळ्यांदेखत बोडक्या डोक्यानं घोड्यावर बसत होता, पोरांना शिकवत होता, आणि मी मनाची टोचणी घालवायला सगळ्या गावासाठी नोटिसा काढत होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

श्रावणानंतर दफेदार सगळ्या मुलींना 'पोरी' आणि सगळ्या मुलांना 'गड्या' म्हणायला लागले. लोक म्हणाले, म्हातारा वयानं मऊ झाला. खरं कारण मला एकटीला माहीत होतं.

माझी दुसरी नोटीस लागली, तिसरीही लागली. उत्तरादाखल वकील कुपवाड्यांनी, तेही दफेदारांच्याच हाताखाली तयार झालेले स्वार, मला तीन पानी पत्र पाठवलं. सज्ञान माणसाचा स्वतःच्या देहावरचा हक्क वगैरे. पत्रात माझं नाव दोन ठिकाणी चुकलेलं होतं. कोणीतरी माझ्या स्कूटरच्या हँडलला बांबूची टोपली टांगून ठेवली, आत चिठ्ठी, 'सेक्रेटरीबाईंच्या मापाची'. सकाळी मी फाटकातून आत शिरले की स्वार आपापसात बोलायचे थांबत. सात घरांच्या फिया थकल्या आणि दोघांनी तोंडावर सांगितलं की सासऱ्यांच्या पुण्याईवर तुम्ही फार उड्या मारू नका. मलाही राग येत होता. एकेकाच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं हेल्मेट ठोकून बसवावं इतका येत होता.

घरात त्याहून वाईट चाललं होतं. केतकी जेवताना ताटाकडे बघून बोलायची.

"अठरा पुरी झाली मला. मत द्यायला माझं डोकं चालतं, घोड्यावर बसायला नाही?"

"दे ना मत. मत देताना कोणी आपटत नाही."

"आई, अडीच वर्षं मी या दिवसासाठी काढली आहेत. मांड्यांची सालपटं निघाली तेव्हा तूच हळद लावलीस. आता तोंडाशी आल्यावर तुला सुचलं?"

"डोकं आपटल्यावर माणसाचं काय होतं, ते मी पाहिलंय."

"कुणाचं पाहिलंस?"

मी तिच्या ताटात आमटी वाढली.

"बघ, एक नाव सांगता येत नाही तुला," ती म्हणाली. "तू कधी घोड्यावर बसली नाहीस, म्हणून दुसऱ्यानं बसलेलं तुला बघवत नाही. एवढंच आहे ते."

मी म्हणाले, दसऱ्याला तबेल्याला कुलूप घालीन. ती म्हणाली, घाल, कुपवाडेकाकांच्या मळ्यावर उतरणी करू. त्यानंतर अकरा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती घरातून जाताना मी खिडकीतून तिच्या डोक्याकडे बघत राहायचे. लहानपणी त्या डोक्याच्या टाळूवर तेल घालताना बोट टेकवायची भीती वाटायची मला, इतकी नाजूक होती ती. आता कोणालाच, तिला स्वतःलासुद्धा, त्याची किंमत नव्हती. बोडक्या डोक्यानं ती एकदा जरी त्या कुंपणावर आदळली, तर पुढे ती मला ओळखेलच याची मला खात्री उरली नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी पुन्हा दफेदारांकडे गेले. या खेपेला मानपान गुंडाळून ठेवले. हात जोडले आणि म्हटलं, बाकीच्यांना काय करायचं ते करू द्या, मी नोटीस मागे घेते. फक्त केतकीचं उतरवू नका. एकुलती एक आहे माझी.

"केतकी," ते म्हणाले. मग थांबले. नजर एकदा छपराकडे गेली, एकदा घोडीकडे, आणि बऱ्याच वेळानं परत आली. "व्हय. पोरगी चांगली हाय. बैठक चांगली हाय. रिवाजात बदल न्हाई आन् वशिलाबी न्हाई, वहिनीसाहेब."

त्यांना केतकी कोण ते आठवलं नव्हतं. त्यांनी उत्तर जुळवलं होतं. मी जोडलेले हात सोडले. तबेल्यातून बाहेर पडताना माझ्या हातात हत्यार आलेलं होतं, आणि ते मी वापरणार हेही मला कळलं होतं. पुढे लोकांना मी सांगितलं की जे झालं ते माझ्या तोंडून अवचित निघून गेलं. ते खोटं आहे. मी रात्रभर शब्द ठरवत होते.

दसऱ्याला घोड्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शे-सव्वाशे माणसं कुंपणाला टेकून उभी होती. केतकीनं तीन फेऱ्या मारल्या, हाताची घडी, पाय मोकळे, सुरमई दौडत होती. कितीही वैर असो, खरं ते सांगते, ती घोडीवर इतकी सुंदर दिसत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती थांबली. दफेदार पुढे आले, डोक्याला केशरी फेटा, मिशांना तूप. तिनं वाकून डोकं पुढे केलं. त्यांनी पट्ट्याला हात घातला आणि मोठ्यानं म्हणाले,

"पोरी, यंदापासनं रिवाज बदललाय. तुजं नाव तूच सांग समद्यांना."

लोकांना ते आवडलं. टाळ्या पडल्या. त्यांनी हे का बदललं ते मला माहीत होतं. बिचाऱ्यानं स्वतःला वाचवायची वाट शोधून ठेवली होती. मी कुंपणाच्या आत गेले.

"दफेदार, रिवाज बदलायचा नसतो, असं तुम्हीच मला सांगितलंत," मी म्हणाले. "नाव तुमच्या तोंडून यायला हवं."

टाळ्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत, नुसता अविश्वास होता. मी असं करीन हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"सुरमई," ते म्हणाले.

कोणीतरी हसलं, म्हातारा गंमत करतोय असं वाटून.

"ती घोडी," मी म्हणाले. "वर बसलीय तिचं नाव काय?"

ते तिच्याकडे बघत राहिले. सहा वर्षांची असताना तिला पहिल्यांदा खोगिरावर त्यांनीच उचलून ठेवलं होतं. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. पट्ट्यावरची बोटं हेल्मेटची कडी नुसती सोडत-लावत राहिली. कुंपणापाशी आता कोणी हसत नव्हतं.

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. मग दफेदारांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिनं त्यांच्या बोटांखालून पट्टा हळूच काढून घेतला, हेल्मेट खाली दाबलं आणि कडी लावली.

"दफेदार, माझी बैठक अजून कच्ची आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "यंदा नको. पुढच्या वर्षी करा."

"बरं, पोरी," ते म्हणाले. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग वळले आणि चालू लागले. तबेला उजवीकडे होता, ते डावीकडे गेले, ओढ्याच्या बाजूला, जिथे काही नव्हतं. थोडं पुढे जाऊन उभे राहिले. कुपवाडे धावत गेले आणि त्यांना दंडाला धरून घेऊन आले. येताना ते दफेदारांना काहीतरी सांगत होते, आणि दफेदार लहान मुलासारखी मान हलवत होते.

त्या संध्याकाळी केतकी माझ्याशी बोलली, अकरा दिवसांनी.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"श्रावणापासून."

"मग मला एकटीला सांगायचं होतंस. मी त्याच दिवशी सांगितलं असतं, नको उतरणी. त्यांच्यासाठी आयुष्यभर टोपलं घातलं असतं मी."

"मी शब्द दिला होता."

"मग पाळायचा होतास," ती म्हणाली आणि तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात कुपवाडे स्वतः कोल्हापूरला जाऊन हेल्मेट घेऊन आले. मग बाकीच्यांनी आणली. कोणी मला काही बोललं नाही, नोटीस लावायचीही गरज पडली नाही. शाळा चालली, नवा शिक्षक मिळाला, उतरणी बंद झाली. तेवीस वर्षांत आमच्या मैदानावर तीस-चाळीस माणसं पडली असतील, हातपाय मोडले, डोकं एकाचंही फुटलं नाही. त्यातले दोघं तर हेल्मेट नसतं तर जागच्या जागी गेले असते. केतकी पुढे पुण्याला गेली, तिथे घोडेस्वारी शिकवते, हेल्मेट घातल्याशिवाय कोणाला रिकिबीत पाय ठेवू देत नाही. मला फोन करते, सणाला, वाढदिवसाला, तब्येत विचारते आणि ठेवते. मी चुकले का, असं कोणी विचारलं तर मी सरळ सांगते, नाही. पुन्हा तो दसरा आला तर पुन्हा तेच विचारीन.

पण दफेदारांच्या घरी जायला मला चार महिने लागले. ते पुन्हा मैदानावर आले नव्हते. येणारे-जाणारे सांगत, आता काही राहिलं नाही त्यांच्यात, मुलालासुद्धा ओळखत नाहीत. ते ऐकून मला वाईट वाटायचं, आणि मनातून सुटल्यासारखंही वाटायचं. माघात एका दुपारी डझनभर केळी घेऊन मी गेले.

त्यांची सून शालन दारातच भेटली. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका हां, वहिनी. मलाच विचारत्यात, बाई तुमी कोन. काल आरशात बघून म्हणाले, ह्या म्हाताऱ्याला चहा द्या. सुरमईला कुपवाडेवकील दारापर्यंत घेऊन आले होते, तर तिला बघून मामंजी म्हणाले, घोडी चांगली हाय, कुनाची हाय?

ते अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. अंग आक्रसलं होतं, मिशा कोणीतरी वेड्यावाकड्या कातरल्या होत्या. मी समोर स्टूल ओढून बसले. आता इथे मला ओळखणारं कोणी नाही, याच धीरावर मी आले होते. माफी मागायची आणि ती कोणाच्या लक्षात राहायची नाही, असा माझा बेत होता. मी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग पाठ ताठ केली, खाटेवर थोडे सरकून बसले आणि अगदी पूर्वीच्या, खणखणीत आवाजात म्हणाले,

"या, वहिनीसाहेब. आज कुनाचं नाव इचारायला आलायसा?"